पक्षपंधरवड्यात घेतलेले घर

ज्याच्या देहावर जगातली सगळी घरे उभी आहेत आणि तो भार जो मुकाट्याने वाहतो, त्या वास्तुपुरुषाला आधी नमस्कार. त्यानंतर, आज आपण जिथे आहोत तिथपर्यंत बोट धरून ज्यांनी आपल्याला आणले आणि जे स्वतः पुढे निघून गेले, त्या सर्व पितरांना नमस्कार. भाद्रपदाचा कृष्णपक्ष पुन्हा लागला आहे. या निमित्ताने गेल्या वर्षीच्या पक्षाचे स्मरण लिहून ठेवावे, असे मनात आले.

आमच्या हैदराबादेत हा पंधरवडा हलक्या पावलांनी येतो. गणपती पाण्यात गेलेले असतात. रस्त्याच्या कडेला चमकीचे तुकडे चिखलात रुतून बसलेले असतात. ढोलताशांनी दमलेले शहर एकदम खालच्या आवाजात बोलू लागते. बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानांतली गर्दी ओसरते, कारण या दिवसांत नवे भांडे कोणी घेत नाही. किराण्याच्या दुकानात मात्र तीळ, उडीद आणि आमसुले यांना मागणी येते. सीताफळांच्या हातगाड्या कोठीच्या वळणावर उभ्या राहतात. दुपारी ऊन असे चिकट पडते की धोतराचा सोगा अंगाला बिलगतो. आणि पक्ष उतरणीला लागला की तरवडाच्या पिवळ्या फुलांचे भारे बाजारात दिसू लागतात. आमचा पक्ष ज्या अमावास्येला संपतो, त्याच अमावास्येला तेलुगू लेकीसुनांचा बतुकम्मा हा फुलांचा सण सुरू होतो. एकाच दिवशी एक घर गेलेल्यांना निरोप देते आणि शेजारचे घर फुले रचू लागते. इतकी वर्षे पाहत आलो, तरी या योगाचे मला अजून नवल वाटते.

नारायणगुड्याच्या एका शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. निवृत्तीनंतर जामबागेच्या आसपासच्या मराठी घरांतली धर्मकार्ये माझ्याकडे आली, किंवा असे म्हणू की ती घरे माझ्याकडे आली. एका हाताला दर्भाची जुडी आणि दुसऱ्या हाताला छत्री, असा मी या पंधरवड्यात घरोघर फिरतो. बहुतेक घरे भाड्याची. अरुंद जिना, जिन्यात सायकली, वर एक खोली आणि तिला लागून पडवीसारखे स्वयंपाकघर. जिना चढतानाच अळूच्या भाजीचा आणि कढीतल्या मेथीचा वास सामोरा येतो, आणि कोणत्या घरात सून नवी आहे तेही त्या वासावरून कळते.

अशाच एका खोलीत शेवंताबाई राहत असत. त्यांचे यजमान दत्तोबा नांदेडकडच्या शेतकरी घरातले. तरुणपणी शहरात आले ते बेगम बाजारातल्या मिरचीच्या घाऊक दुकानात तोलाईच्या कामाला लागले, आणि हात थकेपर्यंत तिथेच राहिले. मिरचीची पूड त्यांच्या कपड्यांत, केसांत, भुवयांत बसलेली असे. ते जिन्यातून वर गेले की मागून सगळा जिना शिंकत असे. घरमालकाने त्यावर एकदा तक्रार केली. तेव्हापासून दत्तोबा रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळावर अंग धुऊन, ओल्या कपड्यांनी घरी येत. थंडीच्या दिवसांतही येत. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, गच्चीवर पापड घालायचे नाहीत, पाहुणा दोन रात्रींपेक्षा जास्त ठेवायचा नाही, हे सर्व त्यांनी कधी आवाज न चढवता पाळले. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. भाद्रपद वद्य दशमी ही त्यांची तिथी.

त्यांचा मुलगा माधव औषधांच्या एका गोदामात नोकरीला आहे. सून रेखा एका खाजगी रुग्णालयात, नव्या रुग्णांची नोंद करण्याच्या खिडकीवर बसते. घर घेण्याची गोष्ट रेखानेच आणली, आणि तिला ती तिच्या रुग्णालयातल्या परिचारिका प्रज्ञाताईंनी सांगितली. प्रज्ञाताई मराठवाड्यातून आलेल्या बौद्ध कुटुंबातल्या; बोलण्यात सडेतोड आणि हाताने मऊ. शासनाने पहिले घर घेणाऱ्यांसाठी साहाय्य देऊ केले होते. बँकेने कर्ज द्यावे, आणि त्या कर्जातला काही भार शासनाने स्वतः उचलावा, म्हणजे महिन्याचा हप्ता माणसाला पेलेल, अशी ती रचना. अटी दोन-तीनच होत्या. त्यांतली एक, घर बाईच्या नावावर असावे. दुसरी, कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कोठेही पक्के घर नसावे, आणि तसे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे.

हे दुसरे कलम माधवने आईला वाचून दाखविले तेव्हा मी तिथे होतो. शेवंताबाईंनी ते पुन्हा वाचायला लावले. मग त्या म्हणाल्या की सोयरिकी जुळवताना जी गोष्ट आम्ही पदराखाली झाकत आलो, तीच सरकारला कामाची निघाली म्हणायची. त्या हसत होत्या, पण मला ते वाक्य पुष्कळ दिवस पुरले. आपल्या पूर्वीच्या राजांनी भूमी दिली, अग्रहार दिले, आणि त्यांच्या दानाचे ताम्रपट आपण आजही कौतुकाने वाचतो. ती दाने बहुधा विद्वानांना, पराक्रमी पुरुषांना, ज्यांच्याजवळ काहीतरी होते अशांना मिळाली. ज्याच्याजवळ काही नाही, त्याचे ते नसणे हीच पात्रता मानणारे दान मी माझ्या हयातीत पाहिले. अशा दानाची स्तुती करताना माझ्यासारख्या जुन्या माणसाला संकोच वाटत नाही.

स्तुती करतो म्हणून दोष झाकीत नाही. फेरे फार झाले. एका खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवावे, दुसरीने उद्या बोलवावे, हे चालूच होते. घर मिळाले तेही शहराच्या पार कडेला, जिथून जामबागेला यायचे तर दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. तरीही रेखा दर फेरीनंतर काही ना काही पुढे सरकल्याचे सांगे, आणि तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे दिसत असूनही ऐकणाऱ्याला उत्साह वाटे.

अखेर सगळे जमले आणि नोंदणीचा दिवस ठरून आला. त्या महिनाअखेरीस शासनाची मुदत संपत होती. त्याआधी नोंदणी झाली नाही तर साहाय्य जाणार, आणि साहाय्य गेले तर तो हप्ता या घराला झेपणारा नव्हता. कार्यालयाने दिलेला दिवस भाद्रपद वद्य दशमीचा निघाला. पक्षपंधरवडा, आणि त्यातही दत्तोबांची तिथी.

हे कळले त्याच संध्याकाळी शेवंताबाई माझ्याकडे आल्या. मागे रेखा होती. रेखाबरोबर कागदांची जुळणी करायला आलेल्या प्रज्ञाताईही होत्या. त्यांचेही घर त्याच इमारतीत होते, आणि त्यांनी आपली सही आदल्या आठवड्यातच उरकली होती. मी आसन दिले, पाणी दिले. मग माझ्या सवयीप्रमाणे शास्त्रार्थ सुरू केला. या पक्षात मंगलकार्य करू नये हे खरे. परंतु सही म्हणजे गृहप्रवेश नव्हे. वास्तुशांत पुढे कार्तिकानंतर सुमुहूर्तावर करता येईल. मी आणखीही सांगणार होतो. शेवंताबाईंनी हात जोडून मला थांबविले.

“गुरुजी, पळवाट विचाराय आले नाही मी. ती तुमच्याकडं असणारच. मला एवढंच सांगा, त्यांना वाईट वाटंल का?”

मी विचारले, वाईट कशाचे वाटेल. त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

“ते त्या खोलीतून गेले. दरसाल तिथंच येतात. आम्ही उठून तिकडं रानात जाऊन ऱ्हायलो, तर शोधतील कुठं? हे शहर जित्या माणसाला ओळखू यीना झालंय.”

पितर अन्नाच्या वासाने येतात, नामगोत्राच्या उच्चाराने येतात, हे मी शिकलो आणि शिकवले. ते रस्ता चुकतील का, ही शंका मला कधी शिवली नव्हती. तिच्यातली माया ओळखायला मला वेळ लागला. रेखा खाली मान घालून बसली होती. कागदांची पिशवी तिच्या मांडीवर होती आणि तिने ती दोन्ही हातांनी धरली होती. सासूने नको म्हटले असते तर ती पिशवी तशीच उचलून घरी गेली असती आणि पुन्हा त्या घराचे नावही तिने काढले नसते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. शेवंताबाईंनाही.

मग उंबऱ्याशी बसलेल्या प्रज्ञाताई बोलल्या.

“आजी, आमच्यात हे मानत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. पण माझं दार लिफ्टच्या अगदी समोर आहे. आजोबा चुकून माझ्याकडं आले तर मी त्यांना बसवीन, चहा देईन, आणि तुमचं दार दाखवीन.”

शेवंताबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिले. त्यांचा चेहरा आधी कठोर होता, मग नव्हता.

“चहा नक्को देऊ. साखर लई मागतात ते.”

पहिल्यांदा रेखा हसली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला, आणि शेवंताबाई तिला म्हणाल्या की रडायचे असेल तर घर घेऊन झाल्यावर रड. दशमीला तू सहीला जा, स्वयंपाक माझ्याकडे, मात्र पाने वाढायच्या आत परत यायचे. ज्या दाराशी वाद घालत आम्ही ग्रंथ घेऊन बसतो, ते दार या बौद्ध मुलीने कडीही न वाजवता उघडले. तिच्या घरी ना पक्ष, ना पिंड. पण दुसऱ्याच्या श्रद्धेला हात न लावता तिला आधार कसा द्यावा, हे तिला येत होते. पाठशाळेत ही विद्या कोणी शिकविल्याचे मला स्मरत नाही.

दशमीचा दिवस उजाडला. रेखा सकाळीच निघाली. तिने नेसलेली साडी नवी नव्हती, कारण पक्ष होता, पण धुऊन इस्त्री केलेली होती. इकडे शेवंताबाईंनी वडे तळायला घेतले. सुनेच्या हाताची सवय झालेली चूल त्यांचे ऐकत नव्हती. पहिला घाणा करपला. त्या स्वतःलाच टोमणे मारत होत्या, की घरमालकीण होणार म्हणून बाईसाहेब गेल्या आणि मोलकरीण मागे ठेवून गेल्या. माधव सोवळे नेसून, दर्भाची पवित्रके बोटात घालून, जिन्याकडे पाहत माझ्यासमोर बसला होता.

श्राद्धाला दुपारची वेळ सांगितलेली आहे आणि त्या वेळेला पुरेशी रुंदी आहे. ती सगळी रुंदी त्या दिवशी मी वापरली. तर्पण सावकाश केले. माधवला प्रत्येक शब्द दोनदा म्हणायला लावला. एरवी माझी चाल चपळ आहे. त्या दिवशी शेवंताबाईंनी आतून विचारले की गुरुजींचा घसा बसला आहे का, काढा देऊ का.

पाने मांडली जात असताना रेखा जिना चढून आली. घामाने भिजलेली, पण सही झाल्याचे चेहऱ्यावरच लिहिलेले होते. नंतर तिने सांगितले. एरवी ज्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते, तिथे त्या दिवशी बाकडी रिकामी होती. चांगल्या मुहूर्ताची वाट पाहत सगळे शहर घरी बसले होते. कारकुनाने पंख्याखाली खुर्ची दिली. तो तेलुगू होता. दखनीत म्हणाला, इन दिनों में तो कोई आताच नहीं अम्मा, तुम कैसे आ गए. रेखाने सांगितले, घरी सासऱ्यांचे श्राद्ध आहे, लवकर सोडा. त्याने कामाची रास बाजूला सारून तिचे काम आधी केले. तो म्हणाला की मग थांबवणे बरोबर नाही, घरी मोठा माणूस येऊन बसला आहे. शेवंताबाईंनी ते ऐकले, आणि करपलेले वडे वेगळे काढण्याच्या निमित्ताने आत गेल्या.

मार्गशीर्षात वास्तुशांत झाली. प्रज्ञाताई हळदीकुंकवाच्या तबकाला हात न लावता, पण स्वयंपाकघरातले सगळे डबे लावून देऊन गेल्या. शेजारच्या तेलुगू बाईने दूध उतू घालायला लावले. शेवंताबाईंना दत्तोबांच्या तसबिरीसाठी आपल्या हाताने खिळा ठोकायचा होता. त्यांनी हातोडी उचलली, पण काँक्रीटच्या भिंतीने खिळा घेतला नाही. एक वाकला, दुसरा उडून कोठे गेला ते कळले नाही. शेवटी खालून एका इसमाला यंत्र घेऊन बोलवावे लागले. भोक पडताना सगळी खोली थरथरली आणि शेवंताबाई कानात बोटे घालून, समाधानाने, भिंतीतून पडणारी पांढरी भुकटी पाहत राहिल्या. ती भुकटी त्यांनी त्या दिवशी कोणाला झाडू दिली नाही.

आणि आता हा पक्ष. परवा दशमी होती. दोन बसगाड्या बदलून, माझी छत्री आणि दर्भाची जुडी सांभाळत मी त्या नव्या घरी गेलो. बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या माळावर तरवड फुलला होता. शहरात भाऱ्यांनी विकला जातो तो इथे कोणाचाही नव्हता. लिफ्टसमोरच्या दारातून प्रज्ञाताईंनी हात जोडून जयभीम केला, मीही हात जोडले. त्यांनी शेवंताबाईंचे दार दाखविले, जणू मीच कोणी चुकलेला होतो.

येथे एक चाल सांगितली पाहिजे. दुसऱ्याच्या भूमीवर श्राद्ध करावे लागले, तर त्या भूमीच्या मालकाच्या पितरांसाठी आधी थोडे अन्न काढून ठेवावे, मग आपल्या पितरांना द्यावे, असे सांगितलेले आहे. एरवी ते आपल्या पितरांच्या घासात आडवे येतात. जामबागेच्या त्या खोलीत दरसाल मी ते पान मांडवीत असे. घरमालकाचे आजे-पणजे कोण होते, आम्हाला ठाऊक नव्हते. पण त्यांचे पान पहिले, आणि दत्तोबांचे मागून. जिवंतपणी नळावर अंग धुऊन मग घरात येणाऱ्या माणसाला मेल्यावरही थोडे थांबावे लागे.

म्हणून परवा मी मोठ्या आनंदाने म्हणालो की शेवंताबाई, आता ते पान नको. घर आपले झाले.

त्या पाने पुसत होत्या. पुसणे न थांबवता म्हणाल्या, “माझं कुठं झालं? कागद हिच्या नावाचा. मालकीण ही.”

गेले वर्षभर त्या रेखाला या शब्दाने चिडवत आल्या होत्या. पंखा लावायचा तरी मालकीणबाईंची परवानगी मागत. तसेच काहीसे असेल असे समजून माधव हसला. शेवंताबाई मात्र हसल्या नव्हत्या.

“तुमच्या शास्त्रात मालकाच्या पितरांचं पान आधी, हौ ना? मग हिच्या बापाचं मांडा.”

रेखाचे वडील बसगाडीचे वाहक होते. दोन्ही मुलीच, मुलगा नव्हता. त्यांच्यामागे त्यांचे नाव घेऊन पाणी सोडणारे कोणी नव्हते, आणि सासरच्या घरी तो विषय काढावा असा रेखाचा स्वभाव नव्हता.

“दरसाल पानं वाढताना ही पोर भाताचा एक घास कोपऱ्यात सारती,” शेवंताबाई मला सांगत होत्या, सुनेकडे न पाहता. “मला काय दिसत नाही व्हय.”

मी स्मरणात शोधले. भूमी ज्याच्या मालकीची त्याचे पितर, एवढाच नियम. त्यात पुरुष आणि स्त्री असा भेद मी कोठे वाचलेला नाही. आजवर तो प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण भूमी बाईची असेल असे कोणाच्या मनात आले नव्हते. शासनाने हप्ता हलका व्हावा म्हणून आणि संसारातली बाई उघड्यावर पडू नये म्हणून एक अट घातली. आणि ती अट इतक्या दूर, इतक्या आत येऊन पोहोचली. ज्या कोणा अधिकाऱ्याच्या लेखणीतून ते वाक्य उतरले, त्याला हे कधी कळणार नाही. त्याचे कल्याण असो.

मी रेखाला पुढे बोलाविले. गोत्र विचारले, तिला ठाऊक नव्हते. गोत्र ठाऊक नसेल त्याचे काश्यप म्हणावे, असे मी सांगितले. मग नाव विचारले. तिने ते सांगितले, पण इतक्या हळू की मला ऐकू आले नाही. शेवंताबाई म्हणाल्या, स्वतःच्या घरात उभी आहेस, मोठ्यानं सांग. तेव्हा तिने वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, जेवढी ठाऊक होती तेवढी, भिंतींना ऐकू जातील अशी उच्चारली.

पान मांडले गेले. खीर, वडे, कढी, अळू. शेवंताबाईंनी स्वतः वाढले. वडे यंदा करपलेले नव्हते. मग दुसऱ्या पानाजवळ, दत्तोबांच्या पानाजवळ, त्या जरा वाकल्या आणि माधवला म्हणाल्या,

“त्यांना सांग, थोडं सरकून बसा. व्याही आलेत.”

वाचकहो, तुमच्याही घरी पंगत सरकून बसेल आणि येणाऱ्याला जागा होईल, एवढे अन्न आणि एवढी ऐसपैस मने असोत. ज्यांना अजून स्वतःचे छप्पर नाही, त्यांना ते लवकर मिळो. ज्यांना मिळाले, त्यांच्या घरातल्या लेकीसुनांचा आवाज त्या भिंतींना ओळखीचा होवो. तुमचे पितर तृप्त होवोत, तुमची मुलेबाळे सुखी राहोत, आणि तुमच्या वास्तूत सदैव तथास्तु म्हणणारी देवता जागी असो.